अठरा तारखेपर्यंत काम हाताला लागत नाही : लक्ष आणि उमेद का जाते, ते क्रमाने कसं तपासायचं

ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावे बाकींची यादी, जुळत नसला तर अनुभवी माणूस लगेच सगळी व्हाउचरं काढून बसत नाही. आधी बेरजा तपासतो. मग फरकाच्या आकड्याला ९ ने भागून पाहतो. पूर्ण भाग गेला तर बहुधा कुठेतरी दोन अंक उलटे पडलेत, ५४ च्या जागी ४५ लिहिलंय. एवढ्यानेही सापडलं नाही, तरच गठ्ठे सोडायचे. मी इंदूरला साउथ तुकोगंजमधल्या एका करसल्ल्याच्या ऑफिसात २२ वर्षं आहे आणि आर्टिकलशिपची, म्हणजे सीए होण्यासाठी उमेदवारी करणारी, मुलं माझ्या हाताखाली असतात. आकड्यांइतकाच आणखी एक बिघाड माझ्यापुढे सतत येतो. माणूस हुशार आहे, काम येतं, फाइल उघडी आहे आणि हात चालत नाही. "ताई, बसतो हो मी, पण सुरूच होत नाही," हे वाक्य दरवर्षी नव्या तोंडून ऐकते. मी स्वतःही यातून दोनदा गेले आहे.

घरी याला आळस म्हणतात, ऑफिसात बेफिकिरी. हल्ली मुलं स्वतःच सांगतात, "माझं डोपामाइन संपलंय." तिन्ही निदानं घाईची आहेत. मेंदूतल्या रसायनांचा यात हात असतो हे खरं, पण त्यांचं काम अडण्याची कारणं बरेचदा साधी असतात आणि घरच्या घरी शोधता येतात. मी डॉक्टर नाही. मी ज्या क्रमाने शोधते तो इथे देते: फुकटचं आधी, पैशाचं नंतर, आणि कुठे थांबून डॉक्टरांकडे जायचं ते शेवटी.

लक्षणं

- फाइल उघडून अर्धा तास झाला, पहिली नोंद अजून पडलेली नाही.
- एकच ओळ तीनदा वाचावी लागते.
- मेलला उत्तरं देणं, फाइलींवर नावं घालणं अशी हलकी कामं भराभर होतात, मुख्य काम तसंच राहतं.
- दुपारी अडीच ते चार डोळे उघडे, डोकं बंद.
- महिन्याच्या १८ तारखेपर्यंत काहीच सरकत नाही आणि १९ च्या रात्री सगळं एकदम होतं (२० ही जीएसटी विवरणाची शेवटची तारीख).
- सुटीच्या दिवशीही ताजंतवानं वाटत नाही.
- कामच नव्हे, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्यात: गाणं, नाटक, मित्र, घरचं लग्नकार्य.

शेवटची दोन वेगळी काढा. फक्त कामात मन लागत नसेल तर खालच्या क्रमाने जा. सगळ्याच गोष्टींतून मन उडालं असेल आणि असे दोन आठवडे गेले असतील, तर मधलं सगळं सोडून थेट शेवटचा भाग वाचा.

आत काय चालतं

डोपामाइन म्हणजे आनंदाचं रसायन, असं सगळीकडे छापून येतं. ते अपुरं आहे. डोपामाइन मेंदूत स्वतः निरोप पोचवतं हे स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस दाखवलं, आणि २००० साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. पण मला ऑफिसात सगळ्यात उपयोगी पडला तो अमेरिकेतल्या जॉन सालामोन यांचा उंदरांवरचा प्रयोग. पिंजऱ्यात साधं खाणं मोकळं ठेवलेलं, आणि आवडीचं हवं असेल तर कळ पुन्हापुन्हा दाबायची. एरवी उंदीर कळ दाबत बसतात. डोपामाइनचं काम औषधाने अडवलं की तेच उंदीर कळ सोडून देतात आणि समोरचं साधं खाणं खातात. भूक गेली नव्हती. गेली होती ती हव्या त्या गोष्टीसाठी कष्ट घ्यायची तयारी.

यादीतलं तिसरं लक्षण पुन्हा वाचा. हलकी कामं होतात आणि मोठं काम राहतं, तेव्हा त्या माणसाला मी कामचुकार म्हणत नाही. त्याच्या मेंदूला आज कष्टाचा भाव फार चढा वाटतोय, आणि तो का चढलाय ते शोधायचं असतं.

एक नियम आधीच सांगते. एका आठवड्यात एकच बदल करा. झोप, चहा आणि फोन तिन्ही सोमवारपासून सुधारले तर कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि चौथ्या दिवशी तिन्ही सुटतात.

१. गोळ्यांची पाकिटं पाहा (पाच मिनिटं, खर्च नाही)

सर्दी, शिंका, खाज यांवरची गोळी चालू आहे का? हिस्टामिन आपल्याला शिंका आणतं तसंच मेंदूत जागंही ठेवतं. क्लोरफेनिरामाइनसारख्या जुन्या गोळ्या मेंदूत शिरून तेच अडवतात, आणि सेट्रिझिननेही पुष्कळांना सुस्ती येते. धुळीच्या ॲलर्जीची एक मुलगी दोन महिने रोज सकाळी अशी गोळी घेऊन ऑफिसला येत होती आणि आम्ही तिला कामावरून बोलत होतो. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली आणि आठवड्याभरात ती पूर्वीसारखी झाली. त्या बोलण्याचं मला आजही वाईट वाटतं. डॉक्टरांनी लिहून दिलेली कुठलीही गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. त्यांना विचारा.

२. चौदा दिवसांची झोप कागदावर लिहा

"मी सहा तास झोपतो, मला पुरतं," असं सांगणाऱ्यांपैकी पुष्कळांचा बिघाड इथेच सापडतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात निरोगी माणसांना १४ दिवस ठरावीक तासच झोपू दिलं आणि रोज लक्षाची चाचणी घेतली. सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची कामगिरी घसरत घसरत अशा पातळीवर गेली, जी एरवी एकदोन रात्री अजिबात न झोपल्यावर दिसते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, आपण एवढे घसरलोय हे त्यांचं त्यांना जाणवतच नव्हतं. म्हणून "मला पुरतं" ही साक्ष मी धरत नाही, कागद धरते.

कारण असं की, जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं झोप आणणारं रसायन साचत जातं आणि झोपेत ते उतरतं. झोप अर्धवट राहिली की कालची बाकी आजच्या खात्यावर ओढली जाते. मग सकाळी साडेदहालाच डोकं संध्याकाळसारखं चालतं.

आपल्या शहराची रात्र मोठी गोड आहे. 'शब-ए-मालवा' उगाच म्हणत नाहीत. उन्हाळ्यातही इथली रात्र निवते. सराफ्याची सोन्याचांदीची दुकानं बंद झाल्यावर तिथे खाण्याची दुकानं लागतात आणि मध्यरात्रीनंतरही गर्दी असते. पाहुणे आले की आपण त्यांना घेऊन जातोच, जावंही. पण आठवड्यातून तीन रात्री एक वाजता भुट्ट्याचा कीस खाऊन सकाळी दहाला ऑफिस, हे गणित बसत नाही. शिवाय आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं, आणि इंदूर त्याच्या बरंच पश्चिमेला. सूर्य इथे घड्याळापेक्षा साधारण २७ मिनिटं मागे असतो. जानेवारीत तो सातनंतर उगवतो. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडाने लागतं, म्हणून उठल्यावर वीस मिनिटं गच्चीत किंवा रस्त्यावर घालवा. फोनच्या उजेडाने ते काम होत नाही.

काय करायचं: उठण्याची वेळ पक्की ठेवा, रविवारीसुद्धा तासाभराहून जास्त हलवू नका. झोपायची वेळ हळूहळू आपोआप मागे येते. कागदावर चार गोष्टी लिहा: किती वाजता पडलो, किती वाजता उठलो, दुपारी झोप आली का, आणि कोणी घोरण्याबद्दल काही म्हणालं का. चौथी पुढे लागणार आहे.

३. चहा कधी घेता ते मोजा

चहातलं कॅफीन ताकद देत नाही. ॲडेनोसिन जिथे जाऊन बसतं ती जागा ते अडवून धरतं. थकवा तसाच साचत राहतो, फक्त त्याची वर्दी मेंदूला मिळत नाही. त्यातलं निम्मं शरीरातून जायला बहुतेकांना पाचएक तास लागतात, गरोदरपणात त्याहून बरेच जास्त. म्हणजे संध्याकाळी पाचच्या चहातलं निम्मं रात्री दहाला अंगात आहे आणि पाव भाग पहाटे तीनला. झोप लागते, पण ती हवी तेवढी गाढ होत नाही.

आमच्याकडे खरी अडचण 'कट'ची आहे. अर्धा प्याला म्हणून कोणी तो मोजत नाही. एकदा मी मुलांना दिवसभराचे कट भिंतीवरच्या कागदावर रेघा मारून मोजायला लावले. एकाचे नऊ निघाले, त्यातले चार दुपारी चारनंतरचे.

शेवटचा चहा अडीचच्या आत घ्या, एवढंच आठवडाभर करा. एकदम सोडू नका. दोन दिवस डोकं ठणकतं आणि माणूस म्हणतो, चहाशिवाय मला जमतच नाही.

४. जेवणानंतरची झापड

इथे फार वेळ घालवू नका. दुपारची सुस्ती जेवण न घेताही येते, तो शरीराच्या दैनंदिन लयीचा भाग आहे. जड जेवणाने ती वाढते, इतकंच. ताळमेळाचं, विचाराचं काम सकाळी करा आणि शिक्के, स्कॅन, फोन दुपारी ठेवा. पंधरा मिनिटं डोळे मिटायला मिळाले तर मिटा. पोहे-जलेबीला मी दोष देत नाही. त्यातल्या पोह्यांविषयी मात्र पुढे एक कामाची गोष्ट सांगायची आहे.

५. फळ किती लांब आहे ते पाहा

सगळ्यात जास्त यश मला या पायरीवर मिळालं आहे, म्हणून सविस्तर सांगते.

वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतल्या डोपामाइनच्या पेशींची नोंद ठेवली. अचानक फळांचा रस मिळाला की त्या पेशी उसळायच्या. रसाआधी दर वेळी दिवा लागतो हे माकडाला कळल्यावर त्या दिव्यालाच उसळू लागल्या, रसाला नाही. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर त्याच क्षणी नेहमीपेक्षा मंदावायच्या. म्हणजे हे रसायन अपेक्षा आणि हातात पडलेलं यांतला फरक नोंदवतं. हिशेबाच्या माणसाला यात अवघड काही नाही: अंदाजपत्रक, प्रत्यक्ष, आणि तफावत.

आता मुलाची बाजू पाहा. फोन हातात घेतला की काही सेकंदांत काहीतरी येतं, कधी मजेचं, कधी नाही, आणि ते सांगता न येणं हीच त्याची ओढ. ऑडिटच्या फाइलीचं फळ तीन महिन्यांनी, तेही "चूक काढली नाही" एवढंच. मेंदूने कशासाठी कष्ट घ्यायचे?

यावर 'डोपामाइन उपवास' सांगणारे भेटतात. फोन चार तास लांब ठेवणं चांगलंच आहे, जरूर ठेवा. पण त्याने डोपामाइन साठत नाही आणि फोन पाहून ते संपतही नाही. हातपाय हलवायलासुद्धा ते लागतं. पार्किन्सन्सच्या आजारात ते बनवणाऱ्या पेशी झडतात तेव्हा काय होतं हे ज्यांनी घरात पाहिलंय, ते त्याचा उपवास म्हणणार नाहीत.

आम्ही काय केलं ते सांगते. पूर्वी ऑडिटला हिरव्या पेन्सिलीने टिक मारायची पद्धत होती. व्हाउचर पाहिलं, टिक. पान संपलं, खाली सही. सगळं संगणकावर गेलं आणि टिका गेल्या. मुलाने दिवसभरात तीनशे नोंदी तपासल्या तरी संध्याकाळी पडदा सकाळसारखाच दिसतो. मी प्रत्येक फाइलीमागे एक कागद परत आणला: पंचवीस-पंचवीस नोंदींचे चौकोन, भरला की हिरवी टिक, आणि संध्याकाळी साडेपाचला मी स्वतः तो पाहून सही करते. कितीही घाई असली तरी ती सही मी चुकवत नाही. दिवा लागून रस आला नाही तर काय होतं ते वर लिहिलंच आहे. "बघतो नंतर" म्हणणारे वरिष्ठ मुलांची उमेद अशीच रोज थोडी थोडी घालवतात.

सुरुवातीलाही हेच वापरा. "आज फाइल संपवायची" असं ठरवू नका. पहिल्या चौकोनातली पहिली नोंद, एवढंच ठरवा. आणि एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलात तर पहिल्याचा काही भाग डोक्यात रेंगाळत राहतो. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला होता. म्हणून मध्येच उठावं लागलं तर "इथे थांबले, पुढे अमुक पाहायचं" अशी एक ओळ लिहूनच उठा.

६. तारखेच्या इंजिनावर चालताय का?

जीएसटीच्या ३बी या मासिक विवरणाची २० तारीख, टॅक्स ऑडिटची ३० सप्टेंबर. या तारखा आल्या की ज्याचा हात चालत नव्हता तो रात्रभर काम करतो, आणि लोक म्हणतात, बघा, जमतं की! जमतं ते नॉरॲड्रेनॅलिनच्या जोरावर. मेंदूच्या देठात एक निळसर ठिपका आहे, तिथून ते सगळीकडे जातं आणि माणसाला खडबडून जागं करतं. थोडं असेल तर लक्ष लागतं, फार झालं तर उलटं होतं. ताण आणि कामगिरी यांचा असा चढ-उतार यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ सालीच उंदरांवर नोंदवला होता. ताण अति झाला की कपाळामागचा, तोलूनमापून विचार करणारा भाग मंदावतो. १९ तारखेच्या रात्री एका व्यापाऱ्याचा जीएसटी क्रमांक दुसऱ्याला लागतो तो यामुळेच.

उपाय: मधल्या तारखा लावा, पण त्या दिवशी कोणीतरी खरंच काम पाहणार असेल तरच. स्वतःच स्वतःला दिलेली तारीख मेंदू खरी मानत नाही.

आणि इथे वरिष्ठांना स्पष्ट सांगते. तीन माणसांचं काम एकाच्या टेबलावर असेल, चारचौघांत अपमान होत असेल, तर त्या माणसाच्या रसायनात बिघाड शोधू नका. त्याचा मेंदू ठीक काम करतोय. दुरुस्ती टेबलाची करा.

७. रक्त तपासा

वरचं सगळं सहा-सात आठवडे प्रामाणिकपणे करूनही फरक नसेल, तर इथे या. दम लागत असेल, केस गळत असतील, हातापायांना मुंग्या येत असतील तर वाट न पाहता आधीच या. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी-१२, थायरॉइडची टीएसएच आणि साखर एवढं पुरतं. सत्तर तपासण्यांचं मोठं पॅकेज लागत नाही.

लोह का? अन्नातल्या टायरोसिन या घटकापासून डोपामाइन बनवताना पहिल्या पायरीला जे विकर (एन्झाइम) लागतं, ते लोहाशिवाय चालत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. मी त्यांतलीच एक. दोन वर्षं मी स्वतःला कोसत होते, पहाटे उठून ध्यान करत होते, वह्या भरत होते. फेरिटिन तळाला गेलेलं होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, काही महिने लागले, आणि एका दुपारी लक्षात आलं की मी चार वाजेपर्यंत सलग बसून काम केलंय. हिमोग्लोबिन ठीक असतानाही फेरिटिन कमी असू शकतं, म्हणून दोन्ही पाहा. तापात किंवा अंगात जळजळ-संसर्ग असताना फेरिटिन फसवं वाढतं, तेव्हा नको.

आता पोह्यांची गोष्ट. जेवणाखाण्याबरोबर चहा घेतला की अन्नातलं लोह कमी शोषलं जातं, आणि लिंबाने जास्त शोषलं जातं. तेव्हा पोह्यांवर लिंबू पिळा आणि चहा तासाभराने घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणंही नेहमीचं आहे.

दोन गोष्टींवर पैसे घालवू नका. एक, रक्तातलं डोपामाइन मोजून देणारी तपासणी. रक्तातल्या आकड्यावरून मेंदूतलं कळत नाही. दुसरी, उमेद वाढवणारी म्हणून विकली जाणारी खाजकुयलीची पूड, आपल्याकडे जिला कौंच म्हणतात. तिच्यात खरोखरच एल-डोपा असतं, पार्किन्सन्सच्या रुग्णांना देतात तेच. म्हणूनच ती मनाने घेऊ नये.

८. इथे थांबा, डॉक्टरांकडे जा

- दोन आठवडे बहुतेक दिवस उदास किंवा सगळ्यांतून मन उडालेलं. हे नैराश्य असू शकतं, आणि ते औषधाने किंवा समुपदेशनाने बरं होतं. वेळापत्रक सुधारून ते जाईल म्हणून थांबू नका.
- झोपेत जोरात घोरणं, मध्येच श्वास अडणं, आठ तास झोपूनही सकाळी डोकं जड. ही श्वासाची तक्रार आहे. कितीही शिस्तीने झोपलात तरी त्यावर उपचार लागतात.
- लक्ष न लागणं, वस्तू हरवणं, काम अर्धवट टाकणं शाळेपासून आहे, बाराव्या वर्षाच्या आधीपासून. ही एडीएचडी असू शकते. मोठेपणीही तिचं निदान होतं. मिथाइलफेनिडेटसारखी औषधं मानसोपचारतज्ज्ञच देतात. मित्राच्या पाकिटातली एक गोळी घेऊन पाहू नका.
- दोन-तीन तास झोपूनही अफाट उत्साह, पैशांची उधळण, बोलणं थांबत नाही, आणि मग एकदम घसरण.
- काम सुरू करायला दारू किंवा कुठलीही गोळी लागायला लागली.
- जगणं नको असं वाटतंय. मग उद्याची वाट पाहू नका. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा सरकारी नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, चोवीस तास, मोफत. जवळच्या माणसाला लगेच सांगा आणि एकटे राहू नका.

खाजगीत जायला पैसे नसतील तर एमवायमध्ये, म्हणजे इंदूरच्या सरकारी महाराजा यशवंतराव रुग्णालयात, मानसोपचाराचा विभाग आहे. तिथल्या रांगेत कोणी ओळखीचं दिसेल ही भीती मुलं मला नेहमी सांगतात. दिसलंच तर तेही तुमच्याचसारखे तिथे बरं व्हायला आलेले असतील.

जाताना बरोबर न्या: १४ दिवसांचा झोपेचा कागद, चहाच्या रेघा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, रक्ताचे रिपोर्ट, आणि वरच्यापैकी काय काय करून पाहिलं त्याची तारीखवार नोंद. जमलं तर घरातलं एक माणूसही न्या. घोरणं आणि बदललेला स्वभाव आपल्याला दिसत नाही, त्यांना दिसतो.